खाज आधी कुणाला सुटली?



या सदरातून आम्ही आजवर बहुधा यंत्रांविषयी आणि आकाशाविषयी लिहीत आलो. या वेळचा विषय आमच्या घरातला आहे, आणि तो कागदावर उतरवायला आम्हाला सहा महिने लागले. कारण सांगायचे तर एकच आहे : लाज. विषय खरजेचा आहे.

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस आई नागपूरहून आमच्याकडे शेफिल्डला आली. आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी पहिल्याच रात्री आजीच्या पांघरुणात जागा पटकावली आणि पुढे ती सोडली नाही. चौथ्या दिवशी आईच्या मनगटांना आणि कमरेला खाज सुटली. दिवसा ती कामात विसरली जाई; रात्री अंथरुणात ऊब आली की झोप उडे. आम्ही म्हटले, इथली हवा वेगळी, पाणी वेगळे, साबण वेगळा. अंगाला तेल लाव. आई काही बोलली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या दांडीवरून तिचा टॉवेल नाहीसा झाला. तो तिने आपल्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला होता. मग तिचा चहाचा कप वेगळा झाला. मग ती जमिनीवर चटई टाकून निजू लागली. विचारले तेव्हा हळूच म्हणाली, "मीच आणलं वाटते हे तिकून. पोराले आता माह्याजवळ झोपवू नका."

ज्या बाईच्या आईबापांनी दुसऱ्यांच्या दारात वेगळ्या कपातून चहा घेतला, तिने स्वतःच्या मुलाच्या घरात स्वतःच्या हाताने कप वेगळा करावा, हे पाहून आम्ही दोघे पतिपत्नी हादरलो. तरी खरे सांगायचे तर आमच्याही मनात तोच विचार येऊन गेला होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या दादांची मुलगी वसतिगृहातून खरूज घेऊन आली, तेव्हा नागपूरच्या घरात सगळ्यांना ती झाली होती. आईलाही. औषध घेऊन ती पूर्ण बरी झाली होती. पण "आईला आधी खाज सुटली, म्हणजे आईनेच आणली" हा हिशेब इतका सरळ वाटत होता, की तो तपासावा असे आम्हाला सुचलेच नाही. चिरंजीव खाजवू लागले ते आई येऊन बारा दिवस झाल्यावर. हिशेब आणखी पक्का झाला.

तो हिशेब सपशेल चुकीचा होता. कसा, हे कळण्यासाठी आधी त्या किडीची ओळख करून घेतली पाहिजे.

खरूज ज्यामुळे होते तो माइट शास्त्रदृष्ट्या कीटक नव्हे. कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला हा आठ पायांचा जीव. मादीची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्वचेचा अगदी वरचा जो मृत पेशींचा थर, त्यात ती आडवे बीळ कोरते, रोज दोनतीन अंडी घालते, आणि महिना-दोन महिन्यांचे आपले आयुष्य त्याच बिळात काढते. अंड्यांतून तीनचार दिवसांत पिल्ले बाहेर पडतात व सुमारे दोन आठवड्यांत प्रौढ होतात. त्यांतली फार थोडी तगतात. माइटला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायचे तर त्याला त्वचेला त्वचा लागलेली हवी, आणि तीही बराच वेळ. म्हणून तो पसरतो तो एका पांघरुणात निजणाऱ्या माणसांत, तान्ह्या बाळाला उराशी धरणाऱ्या आयांत, आजीला बिलगून झोपणाऱ्या नातवंडांत.

हा जीव माणसाने फार पूर्वी पाहिला. १६८७ साली इटलीतील बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहून त्याचे चित्र काढले आणि खरजेचे कारण हाच, असे लिहून ठेवले. वैद्यकशास्त्राने ते मनावर घेतले नाही. रक्तदोष, शरीरातील दूषित रस हीच कारणे पुढे दीडशे वर्षे सांगितली गेली. आपल्याकडे "रक्त खराब झालंय" म्हणतात तसेच. १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने डॉक्टरांसमोर रुग्णाच्या त्वचेतून सुईच्या टोकावर माइट काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ही विद्या तो विद्यापीठात शिकला नव्हता. कॉर्सिकातल्या गरीब बायका आपल्या मुलांच्या अंगावरचे माइट सुईने काढीत, ते त्याने पाहिले होते. डॉक्टर पाण्याने भरलेल्या फोडांत शोधत होते. त्या बायकांना ठाऊक होते की तो फोडात नसतो, बिळाच्या टोकाशी असतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. खाज कशाची असते? माइट चावतो म्हणून खाज सुटते, असा आपला समज. तसे असते तर पहिल्या रात्रीच खाज सुटायला हवी होती. तशी ती सुटत नाही. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच खरूज झाली, त्याला पहिले चार ते सहा आठवडे बहुधा काहीच जाणवत नाही. माइट अंगावर असतो, बिळे कोरतो, अंडी घालतो, दुसऱ्याच्या अंगावरही जातो. आणि तो माणूस सुखाने झोपतो.

याचे कारण आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या कामकाजात आहे. माइट राहतो त्या थरात रक्तवाहिन्या नाहीत, जिवंत पेशी नाहीत. घराच्या छपरावर चोर राहावा आणि खालच्या मजल्यावर खबर नसावी, तसे. पण त्याची लाळ, विष्ठा, अंड्यांची टरफले यांतील प्रथिने हळूहळू खाली झिरपतात. तेथे त्वचेतल्या पहारेकरी पेशी ती उचलतात, जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि टी पेशींपुढे ठेवतात. लाखो प्रकारच्या टी पेशींपैकी ज्यांना ते प्रथिन नेमके ओळखता येते, त्या थोड्या पेशी जाग्या होतात, आपली संख्या वाढवतात आणि रक्तावाटे त्वचेत परततात. त्या परतल्या की त्वचेत दाह सुरू होतो. पुरळ उठते, खाज सुटते. शिवाय आय-जी-ई नावाची प्रतिपिंडे तयार होतात. दमा आणि धुळीची ॲलर्जी यांत हीच प्रतिपिंडे काम करतात. म्हणजे खाज ही माइटची करणी नव्हे. ती आपल्या शरीराला पटलेली माइटची ओळख आहे. म्हणूनच पुरळ अशा जागीही उठते जेथे एकही माइट नाही.

माइटही गप्प बसत नाही. आपल्या रक्तात व ऊतकांत परक्या जंतूंवर तुटून पडणारी प्रथिनांची एक साखळी असते; तिला कॉम्प्लिमेंट म्हणतात. या साखळीला रोखणारी प्रथिने माइट आपल्या विष्ठेतून बिळात सोडत राहतो. स्वतःच्या आतड्याचे रक्षण करण्यासाठी तो हे करतो. पण त्याच्या आडोशाला स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस हे जिवाणूही निर्धास्त वाढतात. म्हणून खाजवून फुटलेली खरूज पिकते, आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही मुलांच्या मूत्रपिंडांनाही सूज येते. खरूज म्हणजे नुसती खाज, असे समजून ती अंगावर काढू नये, ती यासाठी.

पहिल्यांदा उशिरा आणि दुसऱ्यांदा तत्काळ, हा फरक नीट मोजला गेला तो आम्ही राहतो त्याच गावात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये सैन्यात आणि नागरिकांत खरूज इतकी माजली, की १९४१ साली सरकारला तिच्यासाठी 'स्केबीज ऑर्डर' हा स्वतंत्र हुकूम काढावा लागला. त्याच वर्षी शेफिल्ड विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी शहरातील एका मोठ्या घरात प्रयोग सुरू केले. त्यांचे स्वयंसेवक होते शस्त्र धरायला तत्त्वतः नकार दिलेले शांततावादी तरुण. युद्धात कुणाला मारणार नाही, पण माणसांच्या उपयोगी पडण्यासाठी त्रास सोसू, अशी त्यांची भूमिका होती.

तेव्हाचा पक्का समज असा, की खरूज पसरते ती घोंगड्यांतून आणि कपड्यांतून. त्यापायी सैन्यातील घोंगड्या निर्जंतुक करण्यावर अपार खर्च होत होता. मेलनबींच्या स्वयंसेवकांनी खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रे अंगात घातली, त्यांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत ते उघड्या अंगाने निजले. आठवड्यांमागून आठवडे गेले. लागण झाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रयोगांत. मग स्वयंसेवक खरूज झालेल्या सैनिकांशेजारी एकाच बिछान्यात काही रात्री झोपले, तेव्हा मात्र लागण झाली. घोंगडी नव्हे, स्पर्श. तोही हातात हात देण्याइतका क्षणाचा नव्हे, तर दीर्घ आणि निकटचा. मेलनबींनी ८८६ पुरुष रुग्णांच्या अंगावरच्या माद्या मोजल्या. सरासरी आली ११ च्या थोडी वर. त्यांतल्या निम्म्याहून अधिक हातांवर आणि मनगटांवर. सारे अंग खाजून लाल झालेल्या माणसाच्या अंगावर एवढीशी सेना!

आमच्या कामाचे निरीक्षण यापुढचे आहे. प्रथमच लागण झालेल्या स्वयंसेवकांना सुमारे महिनाभर खाज नव्हती. माद्यांची संख्या वाढत वाढत शंभराव्या दिवसाच्या आसपास कळसाला पोहोचली आणि नंतर झपाट्याने उतरली. शरीराचा दाह आणि माणसाची नखे यांनी मिळून ती उतरवली. हे पाहण्यासाठी त्या तरुणांनी कित्येक महिने औषधाविना खाज सोसली, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्यांना बरे करून पुन्हा लागण करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, अर्ध्याहून अधिक प्रयत्नांत माइटला घर करताच आले नाही. दुसरी, जेथे त्याने बीळ कोरले तेथे चोवीस तासांच्या आत खाज सुटली. शरीराने ओळख जपून ठेवली होती. ही प्रतिकारशक्ती पुरती नव्हती, लागण पुन्हा होऊ शकत होती. पण माइट थोडे आणि खाज मोठी, असा उलटा मामला झाला होता.

आता आमच्या घराचा हिशेब पुन्हा मांडून पाहू. आमचा धंदा संगणकाचा. त्रुटीचा संदेश ज्या ठिकाणी दिसतो, त्याच ठिकाणी त्रुटी जन्मली असे धरू नये, हे आम्ही कचेरीत नव्या मुलांना शिकवतो. घरी मात्र विसरलो. आई दोन वर्षांपूर्वी खरजेतून गेलेली. तिची त्वचा माइट ओळखत होती. चिरंजीवांना खरूज कधीच झालेली नव्हती. आईने ती आणली असती, तर चिरंजीवांना खाज सुटायला महिना तरी लागता. ते बाराव्या दिवशीच खाजवू लागले. म्हणजे माइट त्यांच्या अंगावर आई येण्याच्या आधीपासून, ऑगस्टच्या अखेरीपासून असावा. त्या सुट्टीत ते मित्रांबरोबर एका तंबूत चार रात्री राहून आले होते. चिरंजीव निश्चिंत झोपत होते. आजी त्यांना कुशीत घेऊन झोपली, आणि चौथ्या दिवशी तिच्या त्वचेने धोक्याची घंटा वाजवली. घरात जी गोष्ट कुणालाच दिसत नव्हती, ती पहिल्यांदा आईच्या अंगाने सांगितली. आम्ही मात्र सांगणारीलाच दोषी धरले.

डॉक्टरांच्या भिंगाखाली हेच दिसले. चिरंजीवांच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर पुष्कळ बिळे सापडली. आईच्या अंगावर शोधून शोधून तीन. बिळाच्या टोकाशी काळसर त्रिकोण दिसतो. तो माइटच्या तोंडाकडचा भाग. मागे बिळाची पांढरी रेघ. आकाशात धुराची रेघ सोडत जाणाऱ्या विमानासारखे ते दिसते. चिरंजीवांनी हट्टाने भिंगातून पाहिले आणि आजीलाही दाखवले. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही आणलं?" आम्ही दोघांनी मान खाली घातली.

उपचाराविषयी थोडे, कारण आपल्या घरांत नेमके येथेच चुकते. परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी, बोटांची बेचके, नखांच्या खालचा भाग न वगळता लावायचे. आठ ते बारा तास ठेवून धुवायचे. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे. आणि एका आठवड्याने हे सगळे पुन्हा करायचे. लहान बाळे आणि वृद्ध यांना डोक्याला व चेहऱ्यालाही लावावे लागते. बाळ अगदी तान्हे असेल किंवा घरात गर्भवती असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. अंथरुणे व कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन दिवसांहून अधिक ठेवावे, कारण अंगापासून सुटलेला माइट फार तग धरत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे : घरातल्या प्रत्येकाने एकाच दिवशी औषध लावायचे. ज्यांना खाज आहे त्यांनीही, आणि ज्यांना मुळीच नाही त्यांनीही. आम्हा दोघांना काहीच होत नव्हते. पण न खाजणारा महिना कसा असतो हे कळल्यावर "मला काय झालंय?" असे म्हणायला तोंड उरले नाही.

औषध संपल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. माइट मेला तरी त्याचे अवशेष आणि विष्ठा त्वचेच्या थरातच असतात. तो थर झडेपर्यंत टी पेशी शांत होत नाहीत. औषध लागू पडले नाही असे समजून पुन्हा पुन्हा मलम फासू नये. खाज त्याहून लांबली किंवा नवी बिळे दिसली तर मात्र डॉक्टरांकडे जावे. नागपूर-पुण्याहून येताना आपण सगळेच औषधांच्या नळ्या आणतो. त्यांतल्या पुष्कळ मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. ते दाह दाबते, म्हणून दोन दिवस बरे वाटते. पण दाह म्हणजेच प्रतिकार, हे आपण वर पाहिले. पुरळ मावळते, माइट वाढतात, आणि डॉक्टरांनाही रोग ओळखू येईनासा होतो. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली आधीच कमी दिसते. त्यात ही भर नको.

प्रतिकारयंत्रणा वाट चुकली तर काय होते, हेही वैद्यकाने पाहिले आहे. १८४८ साली नॉर्वेतील डॅनियलसेन आणि बोक यांनी कुष्ठरुग्णांत एका भयंकर खरजेचे वर्णन केले. तीत अंगावर जाड खपल्या धरतात आणि अकरा-बारांच्या जागी हजारो, कधी लाखो माइट असतात. अतिवृद्ध, एच.आय.व्ही.ने ग्रासलेले, अवयवरोपणानंतरची औषधे घेणारे, यांच्यात ती दिसते. या रुग्णांच्या रक्तात आय-जी-ई प्रतिपिंडे थोडी नसतात, उलट अफाट असतात. पण ती माइटला आवरत नाहीत. सैन्य मोठे, पण चुकीच्या दिशेला धावलेले. यातल्या काहींना खाजही फारशी येत नाही. वृद्धाश्रमांत एका न खाजवणाऱ्या रुग्णापासून साऱ्या इमारतीला लागण होते, ती अशी. खरजेवर माणसासाठी लस अद्याप नाही.

आता जे लिहायला सहा महिने लागले ते. आमचा पहिला उपचार ११ ऑक्टोबरच्या रात्री झाला. पहिल्या उपचारानंतर चोवीस तासांनी मूल शाळेत आणि माणूस कामावर जाऊ शकतो, असा येथील नियम आहे. म्हणजे १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे जाऊ शकत होतो. आईने नागपूरहून पांढरे लुगडे त्यासाठीच आणले होते. आम्ही गेलो नाही. विचारणाऱ्यांना सांगितले, आईला सर्दी झाली आहे. सप्टेंबरच्या मध्यात आपल्याच गटातल्या एका कुटुंबाचा मुलगा आमच्याकडे मुक्कामाला होता आणि आमच्या चिरंजीवांबरोबर एकाच बिछान्यात झोपला होता, हे आम्हाला आठवत होते. तरी फोन केला नाही. नोव्हेंबरमध्ये त्या घरात सगळ्यांना खाज सुटली. पाच महिन्यांच्या बाळाच्या तळव्यांवर फोड आले आणि ते पिकले. त्या माउलीला तीन आठवडे वाटत होते की तिच्या दुधात काही दोष आहे. एका फोनने हे टळले असते. त्या कुटुंबाची आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली आहे, आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत.

आम्ही का गप्प राहिलो, याचा विचार केला तेव्हा शाळेतला एक शब्द आठवला : "खरजुल्या". वस्तीत दोनशे घरांत एक नळ, तोही एक वेळ. दहा बाय दहाच्या खोलीत एका अंथरुणावर पाच भावंडे. माइटला जे हवे ते दीर्घ निकट अंग तेथे आयते होते. पण गुरुजींना दिसली ती आमची "घाण". ज्यांना पाणवठ्यावर पाणी घेऊ दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ म्हणायचे, ही रीत जुनी आहे. शास्त्र सांगते, की माइट बिळात असतो. रोज दोनदा आंघोळ केली तरी तो धुतला जात नाही, आणि चकचकीत न्हाणीघरांच्या देशातही तो सुखाने राहतो. येथील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत आणि वृद्धाश्रमांत अलीकडे खरूज इतकी वाढली, की २०२३ मध्ये परमेथ्रिन आणि मॅलाथिऑन या दोन्ही औषधांचा तुटवडा पडला. हे सारे आम्हाला माहीत होते. तरी तो शब्द आमच्या आत तीस वर्षे बिळ करून बसला होता, आणि त्याने आमच्याकडून खोटे बोलवले.

विनयपिटकातील महावग्गात आयुष्मान बेलट्ठसीस यांची हकीकत आहे. ते आनंदांचे उपाध्याय. त्यांना त्वचेचा जुनाट विकार झाला होता. अंगातून झरणाऱ्या लशीने चीवर अंगाला चिकटे, आणि भिक्खू पाणी लावून लावून ते सोडवीत. तथागत विहारात फिरताना तेथे आले, भिक्खूंना विचारले की या भिक्खूला काय झाले आहे, आणि सांगितल्यावर त्यांनी खाज, फोड, व्रण असणाऱ्यांसाठी अंगाला लावायचे औषधी चूर्ण वापरण्याची अनुज्ञा दिली. अशाच रुग्णांसाठी आत नेसायचे एक जादा वस्त्रही संघाच्या नियमांत आले. हे वाचताना आमचे लक्ष एका गोष्टीकडे जाते. हा विकार कुणी आणला, हा प्रश्न तेथे कुणीच विचारत नाही. बेलट्ठसीसांना कुणी वेगळे निजवत नाही. विचारले जाते ते एवढेच, की काय झाले आहे. आणि लगेच उपाय.

आमच्या गटातील कुटुंबांना आमची विनंती त्याच धर्तीची आहे. घरात खरूज निघाली, तर गेल्या दोन महिन्यांत जी मुले तुमच्या घरी मुक्कामाला होती, ज्यांच्या घरी तुमची मुले निजली, त्यांना त्याच दिवशी कळवा. कुणी कळवले, तर "तुमच्याकडून आली का" असे विचारू नका. आधी खाजवणारा हाच आणणारा असेल असे नाही. आणि आणणारा कोण हे कळले तरी मलम सगळ्यांना सारखेच लावायचे असते.

आई मार्चमध्ये नागपूरला परतली. जाण्याआधीच्या रविवारी ती विहारात आली आणि त्या बाळाला तासभर मांडीवर घेऊन बसली. तिचा टॉवेल न्हाणीघरातल्या दांडीवर अजून तसाच आहे. चिरंजीव तो काढू देत नाहीत.

भवतु सब्ब मंगलं.